आठ तारांचा तहनामा

आमच्या घराण्यात घाई हा सद्गुण मानला गेल्याचा एकही दाखला, चार पिढ्यांचे दप्तर मी स्वतः चाळले असूनही, मला आढळलेला नाही. आजोबांनी वाड्याच्या मागील भिंतीसंबंधी शेजाऱ्यांवर लावलेला दावा वडिलांच्या कारकीर्दीत निकालात निघाला, आणि तोपर्यंत ती वादग्रस्त भिंत एका श्रावणात आपली आपणच कोसळून गेलेली असल्यामुळे, निकालाची नक्कल हाती पडली त्या दिवशी वादी व प्रतिवादी या दोघांनी तिच्याच दगडांवर बसून चहा घेतला, अशी हकीकत मी लहानपणी ऐकलेली आहे. अशा परंपरेत वाढलेल्या, आणि पुढे सरकारी कचेरीत ३४ वर्षे आवक-जावक बारनिशी सांभाळून, कोणत्याही कागदाला त्याच्या लायकीपेक्षा अधिक वेगाने पुढे सरकू न देता सन्मानाने निवृत्त झालेल्या माझ्यासारख्या मनुष्याने वयाच्या ६८व्या वर्षी वेगाच्या नादी लागावे, ही गोष्ट माझ्या सौभाग्यवतीला जितकी चमत्कारिक वाटली तितकीच मलाही वाटते. म्हणून झाल्या प्रकाराची ही कैफियत, कोणी मागितलेली नसताही, मी स्वखुशीने सादर करीत आहे.

प्रकरणाचा उगम दप्तरातच आहे. जमाखर्चाच्या वह्या, मोडीतील पत्रे, खरेदीखते, आणि कोणत्या लग्नात कोणाकडून किती पेल्यांचा आहेर आला याच्या याद्या, असा जो कागदांचा संभार आमच्या माडीवर रुमालांत बांधून ठेवलेला होता, त्याचे प्रत्येक पान स्कॅन करून संगणकात उतरविण्याचा उद्योग मी निवृत्तीनंतर आरंभिला व तीन वर्षांत तडीस नेला. सगळा ऐवज भरला १०० गिगाबाइट. संगणक माडीवर, आणि हा ऐवज कायमचा जतन करण्यासाठी भाच्याने आणून दिलेली, पोटात दोन हार्ड डिस्क बाळगणारी पेटी खाली दिवाणखान्यात राऊटरशेजारी. दोहोंमधील अंतर, जिन्याची वळणे धरून, १८ मीटर. मी कॉपीचा हुकूम सोडला. संगणकाने प्रथम ४ तास लागतील असे सांगितले, मग ५० मिनिटे, मग पुन्हा ३ तास, आणि अखेर, आमच्या कचेरीत येणाऱ्या पक्षकाराला आम्ही ज्या निर्विकार मुद्रेने ‘उद्या या’ असे सांगत असू त्याच मुद्रेने, तो जवळजवळ अडीच तासांवर स्थिर झाला. सौभाग्यवती जिन्यावरून जाताना क्षणभर पडद्याकडे पाहून म्हणाली, “अहो, एवढ्या वेळात मी सगळी बाडं कडेवरून खाली नेऊन, पुसून, परत वर आणून ठेवली असती.” हे विधान अतिशयोक्त असते तर मी दुर्लक्ष केले असते, पण ते बाडांच्या वजनाचा विचार करता अगदी वास्तव होते, आणि म्हणूनच झोंबले.

निवृत्त सरकारी नोकराला अन्याय झाल्याचे जाणवले की त्याचा हात आपोआप अर्जाकडे वळतो. आम्ही इंटरनेटसाठी दरमहा जे शुल्क भरतो त्यात ३०० चा वेग कबूल केलेला आहे. तेव्हा सेवा पुरविणाऱ्या मंडळींकडे मी दूरध्वनीवरून तक्रार गुदरली. पलीकडील तरुणाने अत्यंत गोड आवाजात, आमच्या बाजूने वेग पूर्ण येत आहे, असे तीनदा सांगितले, आणि मी ते तीनदा नाकारले. पुढे भाचा आला तेव्हा उलगडा झाला की त्या तरुणाचे म्हणणे खरे होते व माझे खोटे होते; कारण माडीवरून दिवाणखान्यात जाणारी वस्तू घराबाहेर पडतच नाही, आणि वरच्या मजल्यावरून खालच्या मजल्यावर धाडलेला निरोप उशिरा पोचला म्हणून टपालखात्यावर फिर्याद करणे जितके शहाणपणाचे, तितकीच माझी तक्रार शहाणपणाची होती. “मामा,” भाचा म्हणाला, “बाहेरचा रस्ता तुमचा रुंदच आहे. बोळ तुमच्या घरात आहे.”

या बोळाची रुंदी मोजताना जो पहिला घोटाळा होतो तो मापाचा. बिट व बाइट ही दोन मापे इंग्रजीत एकाच अक्षराने दर्शवितात, फक्त एकासाठी ते अक्षर लहान आणि दुसऱ्यासाठी मोठे. आपल्या देवनागरीत अक्षरांमध्ये असा लहान-मोठा पंक्तिप्रपंच नसल्यामुळे आपण दोघांनाही एकाच पाटावर बसवितो व मग फसतो. ज्यांनी माझ्याप्रमाणे बालपणी आणे हाताळले आहेत त्यांनी बिट हा आणा समजावा आणि बाइट ही अधेली. कारण आठ आण्यांची जशी अधेली, तसाच आठ बिटांचा एक बाइट. व्यापारी मनुष्य वेगाची जाहिरात आण्यांत करतो, म्हणजे आकडा आठपट गुबगुबीत दिसतो. संगणक माल मोजतो तो अधेल्यांत, म्हणजे तोच आकडा आठपट रोडावतो. आमच्या घरातील बोळ निघाला सेकंदाला १०० मेगाबिटांचा, आणि शंभर आण्यांच्या अधेल्या कोणत्याही सावकाराकडे मोजल्या तरी साडेबाराच भरतात. १०० गिगाबाइट म्हणजे १ लाख मेगाबाइट. त्यांना साडेबारांनी भागले की ८००० सेकंद, म्हणजे २ तास १३ मिनिटे व २० सेकंद. आणि माल लहान लहान पाकिटांत घालून प्रत्येक पाकिटावर पत्ता व शिक्का मारण्याची जी दस्तुरी द्यावी लागते ती धरली की स्वारी अडीच तासांच्या उंबरठ्यावर येऊन बसते. संगणक खोटे बोलत नव्हता. तो फक्त हिशेब बरोबर करीत होता, आणि बरोबर हिशेबासारखी मन दुखविणारी दुसरी गोष्ट नाही.

“मग तार काढून टाकू आणि वायफायवर चालवू,” असे मी सुचविताच भाच्याने भिंतीवर हात ठेवला. आमच्या भिंती ज्या काळात बांधल्या गेल्या त्या काळी शेजाऱ्याचे बोलणे आपल्याला आणि आपले बोलणे शेजाऱ्याला ऐकू न जाणे हेच गृहरचनेचे प्रधान तत्त्व होते. दगड, वीट व माती यांच्या दोन हात रुंदीच्या त्या भिंतींनी वायफायच्या लहरींनाही तोच न्याय लावला आहे. एका भिंतीपलीकडे लहर पोचते ती दमून, आणि दुसरीपलीकडे पोचते ती केवळ हजेरी लावण्यापुरती. तेव्हा तारेला पर्याय नव्हता. पर्याय होता तो फक्त तिला समजून घेण्याचा.

या तारेच्या कुळकथेत शिरलो आणि मला अनपेक्षितपणे शास्त्रार्थाचा आनंद लाभला. कॅलिफोर्नियातील पालो आल्टो येथे झेरॉक्स कंपनीचे जे संशोधनकेंद्र होते, तेथे रॉबर्ट मेटकाफ या गृहस्थांनी २२ मे १९७३ या दिवशी एक टिपण लिहिले. तेथील संगणक परस्परांना व एका सामायिक लेसर छपाईयंत्राला कसे जोडावेत, हा त्याचा विषय. टिपण लिहून फायलीस लावणे व तेथेच त्याचे सार्थक मानणे हा आमचा शिरस्ता. त्यांनी मात्र डेव्हिड बॉग्ज यांच्या साहाय्याने ते अमलात आणले, आणि सेकंदाला २.९४ मेगाबिट वेगाने माहिती धावू लागली. या व्यवस्थेला त्यांनी ईथरवरून ईथरनेट हे नाव दिले. ईथर म्हणजे प्रकाशाच्या लहरी वाहून नेण्यासाठी सर्व विश्व व्यापून राहिले आहे असे एकोणिसाव्या शतकातील पंडितांनी गृहीत धरलेले द्रव्य. १८८७ साली मायकेलसन व मोर्ले यांनी त्याचा कसून शोध घेतला, आणि त्याचा मागमूसही लागला नाही. म्हणजे विश्वात जे नाही असे ठरून ८६ वर्षे लोटली होती, त्याची एका तारेवर प्राणप्रतिष्ठा झाली. आपल्या नैयायिकांनी हे प्रकरण याहून नेटके हाताळले असते. शब्द हा आकाशाचा गुण, असे ते पूर्वीच सांगून बसले आहेत, आणि ज्या वस्तूतून एका यंत्राचा शब्द दुसऱ्या यंत्रापर्यंत जातो तिला आकाश म्हणण्यास त्यांची काहीच हरकत दिसली नसती.

पण मला सर्वाधिक भावली ती या पंथाची मूळची सभ्यता. आरंभी सर्व यंत्रे एकाच सामायिक तारेला जोडलेली असत, आणि त्यांना नियम असे घालून दिलेले होते की, बोलण्यापूर्वी प्रत्येकाने ऐकावे. दुसरे कोणी बोलत असेल तर थांबावे. सर्वत्र शांतता असेल तरच बोलावे. आणि दोघांनी एकाच क्षणी तोंड उघडल्यामुळे टक्कर झालीच, तर दोघांनीही तत्काळ गप्प होऊन, प्रत्येकाने आपल्यापुरता चिठ्ठी टाकून काढावा तसा यादृच्छिक काळ थांबून, मग पुन्हा यत्न करावा. पुन्हा टक्कर झाली तर थांबण्याच्या मुदतीची कमाल मर्यादा दुप्पट, आणि सोळा वेळा असेच झाले तर तो निरोप सोडून द्यावा. या यादृच्छिक थांबण्याची प्रेरणा हवाई बेटांवरील विद्यापीठाच्या आलोहा नावाच्या बिनतारी जाळ्यापासून मिळाली, असे म्हणतात. माझ्या पुतणीच्या लग्नाच्या बैठकीला मी हा नियम वाचून दाखविला असता तर मानपानाचा प्रश्न पहिल्याच दिवशी सुटला असता. पण तेथे टक्कर झाल्यावर गप्प बसण्याऐवजी आवाज दुप्पट करण्याचा पाठ रूढ आहे, आणि सोळाव्या वेळेनंतरही निरोप सोडून देण्याइतके वैराग्य उभय पक्षांपैकी कोणाकडेच नव्हते. पुढे स्विच नावाची पेटी आली व तिने टकरीच संपविल्या. टपाल कचेरीतील जाणता कारकून जसा पत्ता वाचून प्रत्येक पत्र ज्याच्या त्याच्याच कप्प्यात टाकतो, तशी ती प्रत्येक निरोप फक्त त्याच्या मालकाकडे पोचविते, आणि दोन्ही बाजूंना एकाच वेळी बोलण्याची व ऐकण्याची मुभा देते. एकाच वेळी बोलणे आमच्या घरात सर्वांना पूर्वीपासून अवगत होते. ऐकण्याचा भाग मात्र यंत्रांनीच प्रथम साध्य केला.

वेगाची चढण त्यानंतर मोठ्या डौलात झाली. १९८० साली १० मेगाबिटांचा नियम जाहीर झाला; १९९५ साली १००; १९९९ साली साध्या तांब्याच्या पिळाच्या तारेवरूनच १०००, म्हणजे एक गिगाबिट; आणि २००६ साली तसल्याच पण अधिक कसदार तारेवरून १० हजार. प्रत्येक पायरी मागच्या पायरीच्या दसपट. आमच्या दिवाणखान्यातील स्विच मात्र १९९५ च्या पायरीवरच पथारी पसरून बसलेला आढळला. तेव्हा त्याला निवृत्तिवेतनावाचून निवृत्त करून गिगाबिटचा नवा स्विच आणावा, असा ठराव झाला, आणि भाच्याबरोबर मी बुधवार पेठेतील तपकीर गल्लीत दाखल झालो.

ज्यांनी तपकीर गल्ली पाहिली नसेल त्यांनी अशी कल्पना करावी की, जगातील सर्व विजेच्या वस्तू एका बोळात कोंबून उरलेल्या जागेत गिऱ्हाइके उभी केलेली आहेत. दुकानदाराने स्विच काढून दिला व लगेच तारेचा विषय काढला. तारांच्या या जातींना कॅट असे म्हणतात. तो शब्द ‘वर्ग’ या अर्थाच्या इंग्रजी शब्दाचे लघुरूप असून मार्जारकुळाशी त्याचा संबंध नाही, हे मला घरी गेल्यावर स्वतंत्रपणे समजावून सांगावे लागले. “काका, नेताय तर कॅट आठ न्या, आयुष्यभर बघायला नको,” असे त्याने माझ्या वयाकडे पाहून सुचविले. भाच्याने मात्र सावकाश हिशेब मांडला: कॅट ५ई एक गिगाबिट १०० मीटरपर्यंत विनासायास नेते, कॅट ६ दहा गिगाबिट नेते, पण अनुकूल स्थितीत सुमारे ५५ मीटरपर्यंत, तेच १०० मीटर न्यायचे तर कॅट ६ए हवी, आणि कॅट ८ चा पराक्रम ४० गिगाबिटांचा असला तरी तो ३० मीटरच्या आत, मोठमोठ्या संगणककेंद्रांच्या कपाटांतून शोभतो. आम्हांला १८ मीटर जायचे, आणि न्यायच्या त्या आजोबांच्या जमाखर्चाच्या वह्या. दुकानदाराने मग एक स्वस्त भेंडोळे पुढे केले. भाच्याने खिशातील चाकूने त्यातील एका तारेचे टोक सोनाराच्या सफाईने खरवडले. वरची तांबूस कांती निघून आत पांढरे ॲल्युमिनियम दिसले. तांब्याचा मुलामा! अशी तार विरोध जास्त करते, वाकवली की तुटते, आणि पुष्कळदा वर मात्र अस्सल वाणाचेच नाव धारण करते. तोंडओळखीवर माणसे नेमण्याचे परिणाम मी ३४ वर्षे पाहिलेले असल्यामुळे मला त्यात नवल वाटले नाही. आम्ही भेंडोळे परत केले आणि केवळ स्विच घेऊन घरी आलो.

नवा स्विच बसविला, दिवे लागले, आणि वेग आढळला १००! राऊटर तपासले, ते गिगाबिटचे. संगणक तपासला, तोही गिगाबिटचा. मग भिंतीपासून संगणकापर्यंतची आखूड पॅच कॉर्ड उजेडात धरली, तर तिच्या पारदर्शक टोकात आठांऐवजी चारच तारा दिसल्या. कोण्या काटकसरी कारखानदाराने उरलेल्या चार तारांची बचत करून तिला बाजारात सोडले होते. ती बदलली. वेग पुन्हा १००. शेवटी संशय भिंतीतून जाणाऱ्या केबलवर आला. तिच्या पाठीवर जे बारीक अक्षर छापलेले असते ते मी बहिर्वक्र भिंग घेऊन, शिलालेखावर कोळसा फिरवून वाचणाऱ्या संशोधकाच्या निष्ठेने वाचले. जात निघाली कॅट ५ई, म्हणजे कुळ निर्दोष. मग दोष कोठे?

येथे आठ तारांची रचना सांगणे प्राप्त आहे. या आठ तारा सुट्या नसून त्यांच्या चार जोड्या असतात: नारिंगी, हिरवी, निळी व तपकिरी, प्रत्येक जोडीत एक तार पूर्ण रंगाची, तर तिची सहचारिणी पांढरी, त्या रंगाचा पट्टा मिरविणारी. प्रत्येक जोडी परस्परांना पीळ घालून गुंफलेली. ही युक्ती टेलिफोनकर्ते अलेक्झांडर ग्रॅहॅम बेल यांची. तिची सनद त्यांनी १८८१ साली मिळविली. बाहेरील विजेचा जो गोंगाट होतो तो पिळामुळे दोन्ही तारांना सारखाच लागतो. पलीकडचे यंत्र दोघींतला फरक तेवढा मोजते, आणि दोघींना सारखाच पोचलेला उपद्रव वजाबाकीत निघून जातो. संसारात बाहेरच्यांची बोलणी नवरा व बायको दोघांनीही सारखीच खाल्ली की घरात त्यांचा परिणाम शून्य होतो, याहून त्यात निराळे काही नाही. शेजारच्या जोडीचे गुपित आपल्या जोडीत झिरपू नये म्हणून प्रत्येक जोडीचा पीळही वेगवेगळ्या घट्टपणाचा असतो. सुंभ जळला तरी पीळ जात नाही, ही म्हण आजवर मी निंदेच्या अर्थाने वापरीत आलो. पण येथे सारा गुण पिळातच आहे, आणि टोक बसविताना तो अर्ध्या इंचाहून अधिक उलगडला तर जाणकार कारागीर नाक मुरडतो.

आता खरी गोम. १०० मेगाबिटांच्या कामाला चारपैकी दोनच जोड्या लागतात, नारिंगी व हिरवी. निळी आणि तपकिरी या दोघी नुसत्या हजर असतात. गिगाबिटला मात्र चारही जोड्यांनी खांदा द्यावा लागतो. आणि दोन यंत्रे तारेने जोडली गेली की प्रथम त्यांच्यात वाटाघाटी होतात. सूक्ष्म स्पंदने पाठवून दोघेही आपापली कुवत जाहीर करतात, आणि दोघांनाही झेपेल तो कमाल वेग ठरवून तहनामा करतात. परंतु, आणि येथे कोणाही अनुभवी माणसाचा ऊर भरून यावा, या वाटाघाटी चालतात त्या फक्त नारिंगी व हिरव्या जोडीवरून! तह चौघी करतात, पाळावयाचा आठजणींनी. निळी व तपकिरी यांना न विचारता हजाराचा करार होतो. प्रत्यक्ष काम सुरू करताना त्या दोघींपैकी एखादी जागेवर नसते. करार मोडतो, पुन्हा होतो, पुन्हा मोडतो. आणि अशा काही फसलेल्या यत्नांनंतर पुष्कळशी यंत्रे, कोणाकडे तक्रार न करता, वर अहवाल न धाडता, निमूटपणे १०० वर उतरून कामाला लागतात. दिवा लुकलुकत राहतो. सर्व काही सुरळीत आहे, असाच बघणाऱ्याचा समज होतो. आमच्या घराण्यातील बहुतेक निर्णय याच पद्धतीने झाले आणि याच पद्धतीने अमलात आले, हे मला त्या दिवशी प्रथमच शास्त्रीय भाषेत समजले.

भाच्याने दिवाणखान्यातील भिंतीवरची डबी उघडली, आत बॅटरीचा झोत टाकला आणि बराच वेळ काही बोलला नाही. मग अत्यंत आदराने म्हणाला, “मामा, तपकिरी जोडी इथून दाराकडे गेलीय.”

त्याबरोबर १२ वर्षांपूर्वीची ती दुपार माझ्यासमोर लख्ख उभी राहिली. वायरमन केबल ओढीत होता आणि बोलण्याच्या ओघात त्याने सांगितले होते की, “साहेब, आठांतल्या चारच लागतात, बाकीच्या चार मोकळ्याच.” मंजूर पदे आठ, आणि काम करणाऱ्या चार! उरलेल्या चौघी भिंतीत बसून, मस्टरवर सही करून, विनाकाम पगार खाणार! सबंध नोकरीत ज्या एका गोष्टीविरुद्ध मी टिपणांवर टिपणे लिहिली आणि जिचा एक केसही वाकडा करू शकलो नाही, ती माझ्याच भिंतीत घडत होती, आणि येथे मी सर्वाधिकारी होतो. मी तत्काळ फर्मान काढले. निळ्या जोडीची प्रतिनियुक्ती माडीवरच्या दूरध्वनीकडे, आणि तपकिरी जोडीची दारावरच्या घंटेकडे. कारण बटण खाली दिंडीशी, मी बसणार वर, आणि खाली वाजलेली घंटा वर ऐकू येत नसे. वायरमनने, “पुढे लागल्या तर?” अशी शंका काढल्याचेही मला स्मरते, मी तिच्यावर ‘पुढचे पुढे’ असा शेरा मारला होता. दूरध्वनी यथावकाश बंद झाला. तपकिरी जोडी मात्र १२ वर्षे इमानाने दूधवाल्याची वर्दी माडीवर पोचवीत राहिली, आणि मी खाली-वर सर्वांवर मंदपणाचा आरोप ठेवीत राहिलो. गुन्ह्याचा पंचनामा करावयास गेलेल्या अंमलदाराला मुद्देमालावर आपलीच सही सापडावी, तशी माझी अवस्था झाली.

दोन्ही प्रतिनियुक्त्या त्याच दुपारी रद्द झाल्या. भाच्याने दोन्ही टोकांना नवी सॉकेटे बसविली, नारिंगीपासून तपकिरीपर्यंत आठही तारा क्रमाने आपापल्या खाचेत दाबल्या, आणि स्विचवरचा दिवा पिवळ्याचा हिरवा झाला. मी कॉपीचा हुकूम सोडला. १०० गिगाबाइट १५ मिनिटांत खाली पोचले! चार पिढ्यांचे संचित पाव तासात जिना उतरलेले पाहून मला आनंद झाला, आणि आनंदापाठोपाठ अशी एक पोकळी जाणवली की, वाट पाहण्यासाठी मी जो चहा सांगितला होता तो अजून उकळतच होता. आता खोळंबा करणारे कोण, म्हणून शोध घेतला, तर तारेपुढचा नंबर पेटीतल्या तबकड्यांचा लागला. त्या फिरत्या तबकड्यांवर सेकंदाला दीडशे-दोनशे मेगाबाइटांच्या आसपासच लिहून होते, म्हणजे आणखी थोडा वेग वाढविला की बोळ तारेतून निघून तेथे जाऊन बसणार. आणि त्याच्याही पुढे मी आहे. कारण ती मोडी पत्रे पाव तासात कोठूनही कोठे गेली तरी त्यांतील एक पत्र लावायला मला एक दुपार पुरत नाही. मंदपणा नाहीसा होत नाही. त्याची फक्त बदली होते, आणि बदलीचे ठिकाण आधी कळविण्याची पद्धत नाही.

तरीही वेगाची चटक लागली ती लागलीच. दहा, शंभर, हजार, दहा हजार अशा दसपटीच्या उड्या घेत गेलेल्या या शास्त्राने २०१६ साली मान खाली घालून एक मधली पायरी मान्य केली, ती अडीच गिगाबिटांची. आणि तिच्या जोडीला पाचाची. कारण मोठे व्यवहारी आहे. बिनतारी केंद्रेच गिगाबिटच्या पलीकडे धावू लागली, दहाला कसदार तार हवी व यंत्रेही तापतात, आणि जगभरच्या भिंतींत तर लक्षावधी मैल जुनी कॅट ५ई पुरलेली. तेव्हा भिंत न फोडता तिच्यावरूनच काय निघते ते पाहावे, असा विचार झाला, व निघाले अडीच. ज्यांच्या भाषेत या संख्येला स्वतंत्र शब्द नाही त्यांना येथवर येण्यास ४३ वर्षे लागली. आमच्या वडिलांच्या पिढीने पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी व दिडकीनंतर अडीचकीही पंतोजींच्या छडीखाली पाठ केली होती. त्या अडीचकीला उपयोग असल्याचे सिद्ध झालेले पाहण्यास ते असायला हवे होते. या भावनेच्या भरात, तबकड्यांची मर्यादा ठाऊक असूनही, मी अडीच गिगाबिटांचा स्विच घरपोच मागविला.

तो ठरल्या दिवशी आला नाही. दुसऱ्या दिवशीही आला नाही. तिसऱ्या दिवशी भ्रमणध्वनीवर संदेश आला की, आमचा माणूस आपल्या दाराशी दोनदा येऊन गेला, घंटा दाबली, परंतु घरी कोणीच नसल्यामुळे माल परत पाठविण्यात येत आहे. मी दोन्ही दिवस माडीवरच होतो. नव्या वेगाने तीच ती बाडे खाली-वर करून पाहत होतो. घंटेसाठी वेगळी तार दोन दिवसांत ओढून घेऊ, असे मी सौभाग्यवतीला सांगितल्याला तेव्हा तीन आठवडे झाले होते. दूधवाल्याने हाका मारून मारून अखेर पिशवी कडीला लटकाविण्याचा मार्ग स्वीकारला होता, आणि मी त्याचा अर्थ त्याला शिस्त लागली असा केला होता.

त्या संध्याकाळी सौभाग्यवतीने, दप्तर संगणकात गेल्यामुळे मोकळ्या झालेल्या रुमालांच्या गठ्ठ्यातून सुतळी काढली, अडगळीतील बैलाच्या गळ्यातली एक जुनी घंटा माझ्या टेबलाशेजारी खिळ्याला टांगली, आणि सुतळीचे टोक माडीच्या खिडकीतून थेट दिंडीपर्यंत खाली सोडले. खाली कोणी ओढली की वर वाजते. मी भिंग लावून पाहिले. दोन पदर आहेत, आणि पीळ घट्ट आहे.